न्याकिओची रेघ

केनियातल्या मुरांगाच्या चढावरच्या त्या शाळेत गथोनी बाईंना सगळे ‘तक्तेवाल्या बाई’ म्हणत. एकोणीस वर्षं त्यांनी सहावीला शिकवलं, आणि तक्ता फक्त गणिताचा नसतो हे मुलांच्या डोक्यात बसवलं. विज्ञानात डब्यात साठलेल्या पावसाचा तक्ता, भूगोलात नद्यांच्या लांबीचा, भाषेच्या तासाला गोष्टीत कोण किती वेळा बोललं त्याचा. आणि एकदा ठिपके जोडले की बाई विचारायच्या, “ही रेघ काय सांगते?”

हाच प्रश्न त्यांनी एका रेघेला वेळेवर विचारला नाही. ती रेघ जिची होती, ती बारा वर्षांची न्याकिओ जुलैमध्ये गेली.

मे महिन्यात बाईंनी नवा आलेख काढायला घेतला होता. चहाच्या कारखान्याचा भोंगा सहाला होतो, तो आसपासच्या आठही टेकड्यांवर ऐकू जातो. घरी घड्याळ असो नसो, भोंगा झाला की प्रत्येकानं निघायचं आणि शाळेतल्या घड्याळात पोचण्याची वेळ बघायची. किती मिनिटं लागली, तेवढ्या उंचीवर ठिपका. रोज एक.

न्याकिओ आजीकडे राहायची, नदीपलीकडच्या टेकडीवर. पहिल्या आठवड्यात तिला चाळीस मिनिटं लागली. तिसऱ्यात सेहेचाळीस. सहाव्यात अठ्ठावन्न.

“न्याकिओ रेंगाळत्या सरड्याचा हात धरून येते, बाई!” मुरिगी ओरडला.

“सरडा पुढं जातो, मी मागं राहते,” न्याकिओ म्हणाली. वर्ग खदखदून हसला.

इतरांच्या रेघा वेड्यावाकड्या. न्याकिओची मात्र सरळ चढत जाणारी, पुस्तकात छापावी अशी. बाईंनी ती फळ्याशेजारी लावली. फक्त दर शुक्रवारी तिच्यात एक उंचवटा यायचा.

“शुक्रवारी असं का?” बाईंनी विचारलं.

“लाकडं!” सगळे एका सुरात. शुक्रवारी शाळेच्या चुलीसाठी प्रत्येकानं घरून सरपण आणायचं, त्यावरच दुपारची मका-घेवड्याची गिथेरी शिजायची.

“शाब्बास! ओझं असलं की वेळ जास्त. याला म्हणतात आलेख वाचणं.” बाई त्या दिवशी फार खूश होत्या.

भाषेच्या तासाला त्याच रेघेवर वाक्यं लिहायची होती. मुरिगीनं लिहिलं, ‘न्याकिओची रेघ डोंगर चढते. न्याकिओ चढत नाही.’ बाईंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि दहापैकी दहा दिले. न्याकिओही हसली. हसताना तिला खोकला आला.

सातव्या आठवड्यात तिनं सातची घंटा चुकवली. उशिरा येणाऱ्यानं नदीवरून स्वयंपाकघरासाठी पाण्याचा डबा आणायचा, हा शाळेचा नियम. चार दिवस तिनं आणला. पाचव्या दिवशी ती बाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“बाई, आजचा ठिपका साठावर काढू?”

“किती मिनिटं लागली?”

“एकाहत्तर.”

“मग एकाहत्तरावरच काढायचा. खोटा ठिपका मला चालणार नाही. उद्या जरा लवकर पाय उचल.”

“भोंग्याच्या आधी निघू?”

“म्हणजे पुन्हा खोटंच!”

तिनं एकाहत्तरावर ठिपका काढला. अगदी नीट.

अकराव्या आठवड्यात ती चढावर बसली ती उठलीच नाही. चहाची पानं नेणाऱ्या गाडीतून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. बाई मागोमाग गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब आहे, लहानपणीच्या घशाच्या तापातून हे होतं. लवकर आली असती तर काही करता आलं असतं. “दम कधीपासून लागतोय?”

आजीला सांगता येईना. ती रडत होती.

बाईंना मात्र सांगता येत होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात चाळीस, तिसऱ्यात सेहेचाळीस, सहाव्यात अठ्ठावन्न... डॉक्टरांनी लिहिणं थांबवून वर बघितलं.

तीन दिवसांनी सगळं संपलं.

सप्टेंबरमध्ये आजी शाळेत आली. “तिचा तो कागद द्या, बाई. आणि मला वाचून दाखवा. घरी ती सारखी माझी रेघ, माझी रेघ करायची.”

बाईंनी म्हातारीचं बोट धरून रेघेवरून फिरवलं. या आठवड्यात इतकी मिनिटं, पुढच्या आठवड्यात इतकी. काही लपवलं नाही. पाण्याच्या डब्यांचे दिवसही दाखवले.

“आणि हे उंचवटे?”

“शुक्रवार. लाकडं.”

आजीचं बोट तिथंच थांबलं. “शुक्रवारी मी दोन लाकडं जास्त बांधायची. माझ्या पोरीची मोळी वर्गात लहान दिसू नये म्हणून.”

आजीनं कागद घडी करून कापडात बांधला आणि निघाली. बाई तिच्याबरोबर नदीपर्यंत गेल्या. परतताना तो चढ त्या पहिल्यांदाच चढल्या.

भोंग्याचा आलेख बाईंनी बंद केला नाही. पण आता साडेसहापासून त्या फाटकात उभ्या असतात. परवा सहावीतली वाइथेरा पाच मिनिटं उशिरा आली.

“ट्रक चिखलात रुतला होता बाई, ते बघत थांबले होते. खरंच!”

“असू दे. इकडे ये.” बाईंनी तिच्या छातीवर तळहात ठेवला. पोरं आपसात हसू लागली. वाइथेरा लाजून चुळबुळत राहिली, आणि बाईंचा हात बराच वेळ तिथून हलला नाही.