मोजे, कोमट पाणी आणि सुहास

गणपतीच्या आधीच्या महिन्यात आमची तुकडी त्या पोस्टवर चढली. उत्तरेकडे, बर्फात. नाव सांगत नाही, सांगून कोणाला कळणारही नाही. आठ जवान, एक कॅप्टनसाहेब, फायबरचं एक झोपडं आणि रॉकेलचा स्टोव्ह. मी हवालदार होतो. माझं गाव कोलाडजवळ.

हल्ली मी रोह्यात एका कारखान्याची सिक्युरिटी बघतो. शिफ्ट सुटल्यावर तिथली पोरं विचारतात, "साहेब, टेन्शन आलं की तुमी काय करायचात?" त्यांना वाटतं, मी काहीतरी बहादुरीचं सांगेन. मी सांगतो, मोजे बदलायचो. पोरं हसतात. हसू देत.

त्या उंचीवर शत्रू क्वचित दिसतो. माणूस संपतो तो स्वतःची हेळसांड करून. आधी दात घासायचे राहतात. मग ओले मोजे पायातच राहतात. मग जेवण नको वाटतं. बोलणं कमी झालं की समजायचं, गडी घसरला. म्हणून पोस्टवर स्वतःला सांभाळणं ही ड्युटी असते, रायफल साफ करण्यासारखी. तहान नसली तरी कोमट पाणी प्यायचं. भूक नसली तरी खायचं. झोप येवो न येवो, पहारा संपला की स्लीपिंग बॅगेत शिरायचं. आणि प्रत्येकाला एक बडी, म्हणजे जोडीदार. संध्याकाळी बूट काढून एकमेकांचे पाय मांडीवर घ्यायचे, बोटं काळीनिळी पडलीत का बघायची आणि ऊब येईपर्यंत चोळायची.

माझा बडी नाईक सुहास म्हात्रे. पेण तालुक्यातला, गागोद्याच्या बाजूचा, भातशेतीवाल्या घरचा. माझ्याहून बराच लहान. पहिल्या संध्याकाळी त्याने माझे पाय चोळले. माझी पाळी आली तेव्हा स्वतःचे पाय पोटाशी घेऊन बसला.

"दादा, तुमी माज्या पायाला हात लावायचा नाय. पाप लागंल मला."

"ऑर्डर आहे."

"ऑर्डर हाय, पन आईला कळलं तर घरात घेनार नाय."

"आईला कोण सांगायला जातंय? पाय दे."

दिला. पण डोळे घट्ट मिटून, इंजेक्शन घेतल्यासारखा. पुढे सवय झाली.

सगळ्यांची काळजी घ्यायला हा पुढे. कोणी ताट बाजूला सारलं की पिशवीतून पेणचा पोह्याचा पापड काढायचा, स्टोव्हवर भाजून त्याच्या हातात द्यायचा. "रोह्याकडच्या मानसाला पापडातलं काय कळत नाय, तरी खावा," असं मला म्हणायचा. पापडाच्या निमित्ताने चार घास भातही पोटात जायचा. असा माणूस पोस्टवर असला की अर्धा ताण तोच उचलतो.

कोकणातल्या जवानाला दिवाळी हुकली तरी चालते, गणपती हुकलेला चालत नाही. माझे चार हुकले होते. मुलगी फोनवर यायची बंद झाली होती. त्या वर्षी माझी सुट्टी मंजूर झाली. सुहासला सगळं ठाऊक होतं. आमचा नियमही त्याला ठाऊक होता. पोस्टवरून कोणी आजारी होऊन खाली गेला, तर बदली माणूस चढून येईपर्यंत बाकीच्यांच्या सुट्ट्या थांबतात.

मी उतरणार त्याच्या आदल्या संध्याकाळी तो खोकला. रॉकेलच्या धुराने सगळेच खोकायचे, थुंकीही काळी पडायची. तरी मी विचारलं.

"धूर हो, दादा. दुसरं काय नाय."

तो जेवला, पाणी प्यायला. पाय दाखवले. पाय चांगले गरम होते. छातीत काय चाललंय ते पायाच्या बोटांवर दिसत नाही.

सकाळी बूट घालता घालता तो थांबला. श्वास पुरेना. ओठ निळे पडले होते. खोकल्याबरोबर गुलाबी फेस आला. फुप्फुसात पाणी झालं होतं. उंचीवर होतं तसं, आम्ही त्याला हापो म्हणतो. खरा इलाज एकच, ताबडतोब खाली नेणं. साहेबांनी ऑक्सिजन लावायला सांगितला आणि रेडिओ घेतला.

"एक जवान, हापो, सीरियस. हेलिकॉप्टर भेजो. ओव्हर."

"मौसम बंद है. वेट करो. ओव्हर."

"कितना टाइम? ओव्हर."

"बता नहीं सकते. ओव्हर."

बाहेर सगळं पांढरं, हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. पायी न्यायचं तर वाटेत दोराने उतरायची बर्फाची भिंत होती. त्या वाऱ्यात स्ट्रेचर उतरलं नसतं. मी त्याला माझ्या छातीला टेकवून बसवलं.

"कधीपासून होतंय?"

त्याने मास्क बाजूला केला. "परवापासनं."

"बोलला का नाहीस?"

"तुमची सुट्टी गेली असती."

मी त्याला शिव्या घातल्या. चांगल्या गावाकडच्या शिव्या. तो थोडा हसला. मी मास्क पुन्हा लावला.

दुपारी हवा उघडली. हेलिकॉप्टर निघाल्याचा निरोप आला. ते पोचायच्या आधी सुहास गेला. मी त्याचे पाय चोळत होतो. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला तरी चोळत होतो.

गणपतीला मी घरी आलो, पण आधी पेणला गेलो. त्याला घेऊन. एस्कॉर्ट म्हणून मलाच पाठवलं होतं, मंजूर झालेली सुट्टी त्यालाच जोडून. पेणमध्ये मूर्ती नेणारे टेम्पो रस्त्यात उभे होते. आमची गाडी पाहून लोकांनी ढोल-ताशे वाजवणं बंद केलं आणि टोप्या काढल्या. गावात सलामी झाली. सुतकामुळे त्या घरात गणपती बसला नाही. माझ्या घरी बसला. मी आरतीला उभा होतो एवढंच.

तेराव्याला मी पुन्हा त्याच्या गावी गेलो. खोकला त्याने का लपवला, हे त्याच्या आईला माहीत नव्हतं. सांगावं की नाही, यात रात्रीची झोप गेली होती. बायको म्हणाली, "नका सांगू. त्यांना आणखी कशाला त्रास?" पण मुलगा त्या आईचा होता. माणसं पांगल्यावर मी ओटीवर तिच्याजवळ बसलो आणि सांगितलं.

तिने माझ्याकडे वळून विचारलं,

"तुज्या पोरीसंगं गनपती केलास ना?"

"बसवला, आई. पण माझं लक्ष नव्हतं."

"मंग त्यानं कशापायी जीव दिला?"

मी रडलो. पोस्टवर रडलो नव्हतो, सलामीलाही नाही. तिने माझी वाढलेली दाढी बघितली, उतरलेलं तोंड बघितलं.

"जेवत नाय काय तू?"

"जात नाही, आई."

"जात नाय म्हंजे? बस हितं."

तिने भात वाढला, वर डाळ घातली आणि समोर बसली. मी जेवलो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. घास उतरत नाही असे दिवस मला अजून येतात. तेव्हा मी रोह्याहून निघतो आणि तिच्याकडे जातो. म्हातारीला आता कमी दिसतं. ताट संपेपर्यंत ती समोरून उठत नाही. हात धुवायला पाणी देताना कधी कधी मला सुहास म्हणून हाक मारते. मी ओ देतो.