पहिल्या किकपर्यंत

द्वारका चौकाजवळच्या एका स्पेअरपार्टच्या दुकानात काउंटरवर एक बाई असतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकानं काहीही मागितलं की त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "कुठं लावायचंय?" उत्तर ऐकल्याशिवाय त्यांचा हात कपाटाकडं जात नाही.

धाकट्या भावाच्या मोटरसायकलचं इंजिन मी घरीच उघडलं होतं. जोडताना आतल्या पार्टना लावायला मी ऑइल मागितलं.

"इंजिन चालू कधी करणार?"

"भाऊ दवाखान्यात आहे. तो चालायला लागला की."

यावर लोक हळहळतात, नाहीतर गाडी विकून टाका म्हणतात. बाईंनी काढलेली ऑइलची बाटली परत ठेवली. "तोवर ऑइल ओघळून जाईल आणि पहिल्या किकला पार्ट कोरडे घासतील. असेंब्ली पेस्ट घ्या, ती महिनोन्‌महिने चिकटून राहते. आत्ता नाहीये, गुरुवारी मागवते."

गुरुवारी त्यांनी ट्यूब उघडून थोडी काळी पेस्ट चिमटीत चोळून पाहिली आणि मगच मला दिली.

"पहिली किक भावालाच मारू द्या."

तो परत किक मारेल असं तोवर कोणी म्हणालं नव्हतं. मीसुद्धा नाही.