गंगूसाठी नरम पाटे

लोखंडावर गंज चढतो ना, तसे गाडीवर किस्से चढतात. कितीही खरवडा, चार पावसाळ्यांनी नवा थर! आमच्या पोलादपूरच्या घरात पहिली जीप आली, ती भंगारात जाऊनही जमाना झाला. किस्से मात्र अजून चालू स्थितीत आहेत. बसा, सांगते. पण मध्ये बोलायचं नाही.

तेव्हा नवे पैसे नुकते आलेले, म्हातारे अजून आण्यातच बोलायचे. मी सुईण. शाळेचं तोंड पाहिलं नाही. वाचायला शिकले वाण्याच्या पुड्यांवर आणि बाळंतपणं शिकले बाळंतिणींकडून. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणाला घाबरायचंही कारण नव्हतं.

डोंगरातल्या वाडीवर बाई अडली की तिला डोलीतून महाडच्या दवाखान्यात न्यायची. डोली म्हणजे बांबूला बांधलेली घोंगडीची झोळी. एक माणूस पुढे, एक मागे. आदल्या पावसात एक पोर वाटेतच गेली, माझा हात धरून. आणि आता वरच्या धनगरवाडीतल्या धाकू ढेब्याची सून गंगू पोटुशी होती. आधीची दोन पोटातच गेलेली. हे तिसरं.

अशात आमच्या दिरांनी, दाजीभाऊजींनी, जीप घ्यायचं काढलं. त्यांचा तांदळाचा व्यापार.

मी म्हटलं, "भाऊजी, गाडी तुमची. पण पहिली बाळंतीण गंगू!"

"वयनी, गाडी पोत्यांसाठी घेतोय मी."

"पोती अडत नाहीत वाटेत!"

इथून जे भांडण सुरू झालं, ते थेट गाडीच्या पाट्यांपर्यंत गेलं.

*

मुंबईहून एजंट आला. पांढरी पँट, डोक्याला तेल. ओटीवर बसून एकेक प्रकार सांगायला लागला. "शेठ, ही फोर-व्हील ड्राइव्ह. हा दांडा ओढला की चारी चाकांना ताकद मिळते."

भाऊजींनी सुपारी कातरायची थांबवली. "म्हणजे एरवी?"

"एरवी मागची दोन ओढतात."

"आणि पुढची दोन काय पाहुणी आलीत?"

*

मग पाट्यांचा विषय निघाला. गाडीखाली लोखंडी पट्ट्यांची चवड असते, तिच्यावर गाडी तोलते. पाटे कडक घेतले तर ओझं पेलतं, पण माणसाची हाडं खिळखिळी होतात. नरम घेतले तर माणूस सुखी, पण पोती भरली की गाडी बूड टेकते. एजंट म्हणाला, "दोन्हीतलं एक ठरवा."

भाऊजी म्हणाले, "कडक."

मी म्हटलं, "नरम."

एजंटाची स्वतःची जीप कडक पाट्यांची होती. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही मागे आडवे व्हा. पोटाशी तांदळाची पायली बांधा. सावित्रीच्या पात्रातून एक फेरी मारून या. मग बोलू."

घरातल्या सगळ्या बायका बघत होत्या, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती! गेले. परत आले तेव्हा टोपी एकीकडे, धोतर दुसरीकडे. उतरता येईना. दोघांनी धरून ओटीवर बसवलं, तर पोटावर हात धरून मला म्हणतात, "वयनी, पाणी तापवायला ठेवा!"

*

पण पुरुषाची जात! हाडं जागेवर आली की अक्कल परत जागा सोडते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "देवाला कौल लावू. देव सांगेल ते पाटे."

आमच्याकडे नवी वस्तू कौलाशिवाय घरात येत नाही. गुरवाने भैरोबाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर कडक, डावं पडलं तर नरम. उजवं पडलं. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू देव त्यांच्याच दुकानातून तांदूळ नेतो!

मी म्हटलं, "गुरव, भैरोबा कधी बाळंत झालेत?"

"काय बोलता वयनी!"

"मग त्यांना काय कळतं त्यातलं? शेजारी त्यांची बायको जोगेश्वरी बसलीय, तिला विचारा."

गुरवाने घाबरत घाबरत देवीला फुलं लावली. डावं पडलं. नरम!

भाऊजी म्हणाले, "आता निकाल काय?"

गुरवाने पंचपात्र उचललं, आणि जाता जाता म्हणाला, "नवराबायकोच्या भांडणात मी पडत नाय."

*

शेवटी एजंटाने तोड काढली. पाटे नरम, पण एकेक जादाचा पाटा सोबत. तांदळाच्या हंगामात तो चढवायचा, एरवी उतरवायचा. मी खूश, भाऊजी खूश, जोगेश्वरी खूश.

ड्रायव्हर काशिनाथ पलटणीतून परतलेला, शिस्तीचा माणूस. तो म्हणाला, "वयनी, जादाचा पाटा काढायला महाडच्या गॅरेजात पुरा दिवस मोडतो. तुमच्या बायांना सांगा, पोटात दुखायच्या आदल्या दिवशी कळवत जा."

मी त्याला काय सांगितलं ते इथे बोलण्यासारखं नाही.

*

एजंटाने पुढे लावायचा एक दोरखंडाचा रहाटही दाखवला होता. गाडी रुतली की स्वतःला स्वतःच ओढून काढते म्हणे. भाऊजींनी तो नाकारला. "ओढायला गावात बैल काय कमी आहेत?"

पहिल्याच महिन्यात जीप खाचरात रुतली. दांडा ओढला, चारी चाकं फिरली, चिखल भाऊजींच्या कोटापर्यंत आला, गाडी हलेना. एका शेतकऱ्याची जोडी आणून जुंपली. गाडी निघाली.

शेतकरी बैलांचा घाम पुसत म्हणाला, "दाजीशेट, तुमची फोर-व्हील काय उपेगाची नाय. ही घ्या, चार चाकं न् आठ पाय, ट्वेल-व्हील!" मुंबईच्या गिरणीत काम करून आला होता मेला.

*

धाकू ढेबे सुनेसाठी गाडी बघायला वाडीवरून मुद्दाम खाली उतरला. मी म्हटलं, "बघ रे, हिच्यातून नेऊ गंगूला."

बाजारात खोंड बघतात तशी त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. पुढून दिव्यांत पाहिलं. खाली वाकून मागे पाहिलं. पुठ्ठ्यावर थाप मारली. गाडीखाली काळ्या तेलाचा थेंब पडला होता, तो बोटाने चोळून हुंगला.

काशिनाथ वरमला. "जरा गळतंय."

"गळू दे," धाकू म्हणाला. "मुततंय म्हंजे जनावर तब्येतीत हाय."

*

आणि मग गंगूचे दिवस भरले. कधी? तर ऐन तांदळाच्या हंगामात, जादाचा पाटा चढवलेला असताना! सकाळी निरोप आला: कळा सुरू झाल्यात, मूल आडवं वाटतंय. गॅरेजात जायला वेळ कुठला? मी काशिनाथला म्हटलं, "पोती फेक खाली आणि चल." भाऊजींनी स्वतः पोती उतरवली, हे मी कबूल करते.

रिकामी गाडी आणि कडक पाटे! बैलगाडीच्या चाकोरीतून वर जाताना माझेच दात वाजत होते. वाडीच्या तोंडाशी पोचलो, तर समोरून डोली आली. पुढे धाकूचा भाऊ, मागे धाकू. झोळीत गंगू, डोक्यापर्यंत घोंगडीत गुंडाळलेली, कण्हणारी.

मी म्हटलं, "ठेवा खाली. गाडीत घेऊ."

धाकू म्हणाला, "नाय गो बाय. उचललेली डोली वाटेत टेकवायची नाय."

आमच्यात वाटेत टेकवतात ती फक्त तिरडी, विसाव्याला. जित्या माणसाची डोली उंबऱ्यावरून उचलली ती दवाखान्याच्या उंबऱ्यातच उतरते. धाकू मोडला असता, पण वाकला नसता. आणि घोंगडीत हात घालून पाहिलं तर गंगूच्या कळा वाढलेल्या.

मी म्हटलं, "मग नका टेकवू! डोलीसकट चढा!"

काशिनाथने ताडपत्रीचं छप्पर सोडून टाकलं. धाकूचा भाऊ पुढे त्याच्या शेजारी उभा, धाकू मागे फळीला पाय रोवून उभा, बांबू दोघांच्या खांद्यावर, मधे गंगू लोंबकळतेय, आणि तिच्याखाली मी उकिडवी, एक हात तिच्या पाठीला. लो गिअर टाकला. जीप बकरीसारखी उड्या मारत होती. धाकूचे गुडघे वाकत होते, उठत होते, वाकत होते. झोळी मात्र पाळण्यासारखी संथ. उतार अर्धा झाला आणि कण्हणं थांबलं. मान उंच करून झोळीला कान लावला, तर दोन कळांच्या मधे पोरगी चक्क डुलकी काढत होती!

महाडच्या बाजारपेठेत दुकानं सोडून माणसं बाहेर आली. दवाखान्याच्या उंबऱ्यात डोली उतरली, तेव्हा धाकूला गुडघे सरळ करता येईनात.

डॉक्टरांनी खटपट केली, मी केली, गंगूने सगळ्यांत जास्त केली. दिवेलागणीला मुलगी झाली. रडली. दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले, कोट-टोपी घालून, नारळ घेऊन. छाती पुढे काढून म्हणाले, "काय गंगू, कशी वाटली आमची जीप?"

गंगूने पदर सारखा केला. "जीप? ती नाय बघितली मी अजून. डोलीतनंच आले मी. लय बेस आणली, येक हिसका नाय बसला." मग डॉक्टरांकडे वळून हळूच म्हणाली, "पण आमच्या मामंजींना कायतरी औषध द्या हो. वाटभर छातीत घुरघुरत व्हतं त्यांच्या!"