साडेपाचला पडलेले बारा टोले

१२ ऑक्टोबर. दिवाळीचा माळा झाडताना लंडनच्या रेडिओ केंद्राचं पोचकार्ड सापडलं. त्यावर माझं नाव आहे.

देवासला काका संध्याकाळी रेडिओवर दूरची केंद्रं पकडत आणि काय ऐकलं ते पत्राने त्या केंद्राला कळवत; तिकडून पोच म्हणून कार्ड येई. पत्रं मी लिहायची. खाली नाव मात्र काकांचं. एका थंडीत खरखरीतून घड्याळाचे टोले आले.

"इंदूर असेल. पुढे सरकव," काका म्हणाले.

"काका, बारा टोले पडले. आपल्याकडे साडेपाच वाजलेत."

काकांनी नकाशा उघडला, बोटाने तास मोजले, लंडनला दुपारचे बारा भरले आणि ते खिडकीतून शेजाऱ्यांना ओरडले, "भिया, हमारी छोरी ने लंदन पकड़ लिया!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्राखाली मी माझं नाव लिहिलं आणि शाळेत जाताना ते पेटीत टाकलं.