रंग पुसायचं दार

साधा निरोप साधेपणानं द्यायला मला जमत नाही. नाटकातला नट मी, पाणी मागतानाही माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. म्हणून मळ्याच्या मालकांना मी फोनवर सांगितलं, "फार मोठे चित्रकार येणार आहेत. स्वागत दणक्यात झालं पाहिजे." मोठे चित्रकार म्हणजे शाळेत मला चित्रकला शिकवणारे सर. वय ब्याऐंशी.

मळा गगनबावड्याच्या रस्त्याला आहे. एके काळी कोल्हापूरचे चित्रकार रविवारी सायकली मारत तिथं जायचे आणि बांधावर बसून नदी, झाडं, गुऱ्हाळाचा धूर रंगवायचे. उठताना पॅलेटवर उरलेला रंग सुरीनं काढून गुऱ्हाळाशेजारच्या खोलीच्या दारावर पुसायचे. वर्षानुवर्षांचे थर त्या दारावर चढले होते. सरांचा जिवलग मित्रही त्यांच्यातलाच. तो वारला, मागं राहिलेली त्याची सगळी चित्रं पुरात गेली. उरला तो या दाराच्या कडीखालचा रंग. पुसायची त्याची जागा ठरलेली होती. सरांना तो एकदा बघायचा होता.

सरांना घेऊन मी पोचलो तेव्हा मालक हात जोडून उभे होते. त्यांच्यामागं ते दार, चॉकलेटी, चकचकीत.

"चार दिस राबलोय," मालक म्हणाले. "लई घाण बसलीती. पार लाकडापत्तोर खरवडलं, मग ऑइलपेंटचं दोन हात मारलं. एवढं मोठं पावणं येणार म्हटल्यावर तसंच कसं ठेवायचं?"

सरांनी कडीखाली बोट नेलं आणि मध्येच थांबवलं.

"वाळलाय की सर, बिनधास्त हात लावा."

"खरवडलेलं कुठं टाकलंत?"

"चुलवाणात. गुळाच्या जाळासंगं गेलं."

सरांनी बोट मागं घेतलं. "रंग चांगला बसलाय," म्हणाले.

मालक खुलले. त्यांनी गुळाची ढेप आणून सरांच्या हातात दिली, दारापुढं आमचा फोटो काढला. फोटोत मी हसतोय. कॅमेरा दिसला की मला आवरत नाही.

परतताना मी दोन किस्से सांगून पाहिले. सर ढेप मांडीवर घेऊन बाहेरच्या उसाकडे बघत होते. नाक्यापाशी गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "मोठं कोणी येणार, हे मालकांच्या डोक्यात कुणी घातलं रे?"

"काय माहीत, सर. मी नुसतं येतोय म्हणून सांगितलं होतं."

"असू दे," सर म्हणाले.

शाळेतही माझी थाप ओळखली की ते एवढंच म्हणायचे.