आप्पांच्या टबाचा नळ

आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत डबे उघडले की कुणाच्या सुनेची, कुणाच्या घरमालकाची खबर निघते. माझ्याकडे वळून मात्र सगळ्या एकच विचारतात, "काय गं, टब काय म्हणतो?" मी काही किस्से जमवत बसत नाही. घरात बाथटब असला आणि ते घर रत्नागिरीत असलं, की ते आपोआप साचतात.

टब माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा. मूळचे देवरूखकडचे, सगळी नोकरी बोटीवर. एकदा कॅप्टनच्या केबिनमध्ये त्यांनी टब पाहिला आणि ठरवलं, घर बांधीन तर टबाचं. बांधलं. टब दारातून आत जाईना, म्हणून बाथरूमची अर्धी भिंत उतरवली आणि चिरे पुन्हा रचले.

वास्तुशांतीला गावाहून आलेल्या आत्याबाई टबाभोवती फिरून आल्या आणि सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या, कानाशी लागल्या. "घर ब्येस हाय गो. पन म्हशीला पानी घरात पाजनार?"

*

मे महिन्यात टब आप्पांचा नसतो, हापूसचा असतो. खाली पेंढा, वर आंबे. एकदा पुण्याहून मिलिंदचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, मित्र सहकुटुंब आला. सकाळी त्याच्या बायकोने लाजत विचारलं, "टबात आंघोळ केली तर चालेल का?"

आई म्हणाल्या, "चालेल की. कच्चे डावीकडे ठेव, पिकलेले उजवीकडे."

*

गेल्या दिवाळीनंतर आप्पांना अर्धांगाचा झटका आला. जीभ शाबूत राहिली, उजवा हात आणि पाय अधू झाले. टबाचा नळ जुना, दोन गोल चाव्यांचा. खाऱ्या हवेने त्या इतक्या घट्ट झालेल्या की मलाही दोन हात लावावे लागत. आप्पांच्या डाव्या हाताला तर त्या दाद देईनात.

मग मिलिंद त्यांना आंघोळ घालू लागला. बाथरूमचं दार उघडंच. कुणी टॉवेल आणायचं, कुणी गिझर बघायचं. आणि आप्पा सगळा वेळ डोळे घट्ट मिटून बसायचे.

एकदा मी आईंना विचारलं, "साबण डोळ्यांत जातो का त्यांच्या?"

"साबण कुठला गो? आपण डोळे मिटले की दुसऱ्याला दिसत नाय, असं वाटतंय त्यांना."

हे सांगताना त्या हसल्या, पण मला त्या दिवशी डबा गेला नाही.

*

व्यायाम करून घ्यायला फिजिओ मॅडम येतात. टबात स्टूल आणि भिंतीला धरायला स्टीलची दांडी त्यांनीच लावून घेतली होती. एके दिवशी त्या म्हणाल्या, "इथे एका दांडीचा नळ बसवा. डाव्या हाताने नुसता ढकलला की पाणी. मग आप्पा स्वतःची आंघोळ स्वतः करतील."

संध्याकाळी बातम्यांच्या मध्येच आप्पांनी विचारलं, "नळ कधी आणताय?" जेवताना विचारलं. सकाळी चहाच्या आधी विचारलं. एवढी घाई त्यांनी मिलिंदच्या लग्नाचीही केली नव्हती.

*

दुकानदाराने आधी बेसिनचे नळ दाखवले, मग ओट्याचे. टबाचा म्हटल्यावर त्याने आम्हाला खुर्ची दिली. "भिंतीतली दोन तोंडं किती अंतरावर आहेत?"

मिलिंदने लगेच घरी फोन लावला, ऐकून घेतलं आणि रुबाबात सांगितलं, "एक वीत, त्यात बोटभर कमी."

दुकानदाराने पेन खाली ठेवलं. "कुणाची वीत?"

"आईची."

"मग आईंना घेऊन या."

तो चेष्टा करतोय असं मला वाटलं. पण रिक्षाने आई आल्या, काउंटरवर हात पसरून उभ्या राहिल्या आणि दुकानदाराने टेप लावून त्यांची वीत मोजली. नळ त्या मापाने घेतला. घरी नेल्यावर बरोबर निघाला, हे आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात.

*

प्लंबर 'उद्या येतो' म्हणत राहिला आणि नळ खोक्यात राहिला. आप्पांनी तो बाहेर काढून घेतला. पेपर बाजूला, टीव्ही बाजूला, नळ मांडीवर. डाव्या हाताने दांडी वर, दांडी खाली. डावीकडे गरम, उजवीकडे गार. पहिल्या दिवशी बोटं घसरत होती. पुढेपुढे गप्पा मारता मारताही जमायला लागलं.

आई पोळ्या लाटताना बघत होत्या. म्हणाल्या, "जन्मभर घरातला एक नळ नीट बंद केला नाय, आणि आता प्रॅक्टिस चाललीय."

आप्पांनी दांडी खाली केली. "हा बघ, केला बंद."

*

शेवटी मिलिंदचा धीर सुटला. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याने रविवारी स्वतःच पान्हा हातात घेतला. "गच्चीवरचा कॉक बंद करून आलोय," असं छातीठोक सांगितलं. कॉक त्याने बंद केला होता, पण स्वयंपाकघराचा!

जुना नळ सुटला आणि पाण्याची धार थेट समोरच्या भिंतीवर. मिलिंद दोन्ही तळहात भोकांवर दाबून ओरडतोय, मी गच्चीकडे पळतेय. ऐन उन्हाळा, पाणी एक दिवसाआड. जिन्यात आईंनी माझा हात धरला. त्यांच्यामागे बाथरूमपर्यंत घरातली झाडून सगळी पातेली रांगेत होती.

"थांब गो, बंद नको करूस एवढ्यात. पिंप अर्धंच भरलंय."

कॉक बंद झाल्यावर मिलिंदने जुना नळ कसाबसा परत बसवला आणि प्लंबरला शरण गेला.

*

प्लंबर म्हणजे इक्बालभाई. तरुणपणी मस्कतला हॉटेलांचे टब बसवून आलेले, त्यामुळे आमच्या टबाला ते बुजले नाहीत. एकदाचे आले. ओसरीवर आप्पा दिसले. "सलाम आप्पा, तब्येत काय म्हणते?" एवढं विचारलं, आणि आप्पा एडनला पोचले. तिथून इक्बालभाईंनी त्यांना मस्कतला आणलं. मग कुठल्या बंदरावर मासा चांगला मिळतो यावर दोघांचं जोरदार वाजलं. दोन वेळा चहा झाला. इक्बालभाई उठले, पिशवी उचलली आणि गेले.

फाटकापाशी थबकून परत आले. "वहिनी, मी आलो कशाला होतो?"

"चहाला," आई म्हणाल्या.

*

त्यांनी मग नळ बसवला. आट्यांना टेप गुंडाळून, दोनदा पाणी सोडून, कुठे गळत नाही हे बोट फिरवून पाहिलं. दांडी जरा ढिली ठेवली, आप्पांच्या हाताला जड जाऊ नये म्हणून.

आप्पा म्हणाले, "आता लगेच आंघोळ करतो."

"जेवायची वेळ झालीय," आई म्हणाल्या.

"मग जेवा तुम्ही."

मिलिंदने त्यांना धरून नेलं, टबातल्या स्टुलावर बसवलं, टॉवेल आणि साबण डाव्या हाताशी ठेवला. आप्पांनी मानेने दाराकडे खूण केली. मिलिंद बाहेर आला. आप्पा म्हणाले, "लोट." त्याने दार लोटून घेतलं.

जेवायला कुणीच गेलं नाही. दाराबाहेर मिलिंद, त्याच्या मागे आई, त्यांच्या मागे मी आणि हातात पान्हा तसाच धरून इक्बालभाई. आत काहीतरी घसरल्याचा आवाज झाला. मिलिंदने दाराला हात घातला, आईंनी तो मागे ओढला. मग पाणी सुरू झालं. पुष्कळ वेळ चालू राहिलं. मग बंद झालं.

नंतर काहीच ऐकू येईना. आई पदर तोंडाशी धरून उभ्या. मिलिंद आमच्याकडे बघत राहिला आणि शेवटी त्याने, त्या दाराला इतक्या महिन्यांत कुणी केलं नव्हतं ते केलं. बोटाने हळूच टकटक केलं.

आतून आप्पा म्हणाले, "माणूस हाय आत."