तड्यावरची काच

महिन्याचा शेवटचा आठवडा लागला की नगररचना विभागात चहासुद्धा उभ्या-उभ्या होतो. महिनाभरात किती बांधकाम परवानग्या दिल्या, किती जोती तपासली, किती घरांना भोगवटा प्रमाणपत्र मिळालं, किती तक्रारी आल्या आणि त्यातल्या किती निकाली निघाल्या, हा सगळा हिशेब तीस तारखेच्या आत वर जावा लागतो. एरवी गल्लीबोळात हिंडणारी माणसंही मग खुर्चीला चिकटून बसतात.

मोहियोद्दीन शेख तेवढे त्यातले नव्हते. तेहतीस वर्षांपूर्वी ते ट्रेसर म्हणून नोकरीला लागले आणि नकाशे गिरवता गिरवता इमारत निरीक्षक झाले. पुढं नकाशे संगणकावर गेले. मोहियोद्दीनना संगणकाची भीती नव्हती, पण प्रेमही नव्हतं. त्यांचा जीव साइटवर. शहरातले मिस्त्री आपसांत म्हणत, "ये साब पाया देखे बगैर दस्तखत नहीं करते." सत्तावन्नाव्या वर्षीही ते शिडी लावून खड्ड्यात उतरत आणि पँटला माती घेऊनच घरी जात. बायको कमरुन्निसा रोज कुरकुर करी आणि रोज ती पँट वेगळी भिजत घाली.

त्यांचे वडील लासूर स्टेशनला गवंडी होते. भिंतीला तडा गेला की त्यावर ते चुन्याचा ठिपका लावत आणि बाजूला कोळशानं तारीख टाकत. ठिपका फुटला तर भिंत अजून सरकतेय, शाबूत राहिला तर थांबली. मोहियोद्दीन चुन्याऐवजी काच वापरत. फ्रेमवाल्याकडं उरलेल्या काचेच्या अरुंद पट्ट्या त्यांच्या स्कूटरच्या डिकीत असत. तड्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या सिमेंटनं अशी पट्टी चिकटवून टाकली की भिंत केसभर हलली तरी काच तडकते.

एप्रिलच्या पंधरा तारखेला त्यांनी अशीच एक पट्टी पुंडलिकनगरात लावली होती. घर मनकर्णाबाईंचं. वैजापूरकडची ही बाई सत्तरी ओलांडलेली. नवरा एसटीत कंडक्टर होता. त्यानं तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या तीन खोल्यांत आता मनकर्णाबाई आणि त्यांची सून रूपा राहत होत्या. मुलगा पुण्याला कंपनीत. शेजारच्या प्लॉटवर इंद्रजीत नावाच्या तरुण बिल्डरनं चार मजली इमारतीसाठी तळघर खोदायला घेतलं आणि आठ दिवसांत मनकर्णाबाईंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला. रूपानं तक्रार केली.

तेव्हा खड्डा जेमतेम पाच फूट होता आणि कंपाउंडपासून मंजूर नकाशाप्रमाणं लांबही होता. मोहियोद्दीननी टेप लावून पाहिलं, मुकादमाला बजावलं की या रेषेच्या अलीकडं यायचं नाही आणि खाली जाण्याआधी बाजूला आधार द्यायचा. मग तड्यावर काच लावून, तारीख टाकून ते परत आले.

सत्तावीस तारखेला ऑफिसात श्रेया मासिक अहवाल भरत होती. नुकतीच रुजू झालेली, हुशार मुलगी.

"सर, पुंडलिकनगरची तक्रार निकाली दाखवू ना? पाहणी झालीय, तोंडी समजही दिलीय."

नियमानं तसं दाखवता आलं असतं. मोहियोद्दीननी चष्मा काढून पुसला.

"थांब जरा. काच बघून येतो."

"सर, बाहेर बेचाळीस आहे."

"घरात तर माणसं आहेत ना," ते म्हणाले आणि टोपी घालून निघाले.

रूपानं दार उघडलं आणि त्यांना थेट स्वयंपाकघरात नेलं. काच मधोमध तडकली होती. तड्यात आता करंगळी जात होती.

"कधी फुटली?"

"एकोणीसला धड होती. वीस तारखेला संध्याकाळी पाहिलं तर अशी. आम्हाला वाटलं, भांडं लागलं असेल."

"वीस तारखेला काही विशेष? बाजूला मशीन चालू होतं?"

"नाही, काम बंदच होतं. आमच्याकडं पाण्याचा दिवस होता, म्हणून लक्षात आहे."

पुंडलिकनगरात नळाला तेव्हा आठव्या दिवशी पाणी येई. मोहियोद्दीन मागच्या दारानं बाहेर गेले आणि कंपाउंडवरून खाली वाकून पाहिलं. खड्डा अकरा फुटांवर गेला होता. आखून दिलेली रेषा ओलांडून मशीन कंपाउंडला येऊन भिडलं होतं आणि आधार म्हणून एक फळीसुद्धा नव्हती. भर उन्हाळ्यात खड्ड्याची ती बाजू ओली होती. पुढच्या हौदातून मागच्या मोरीकडं जाणारा जुना पाइप खोदताना फुटला असणार. पाण्याच्या दिवशी मोटर चालली की पाणी भिंतीखालच्या काळ्या मातीत मुरत होतं.

पाणी आता उद्या येणार होतं. आपण चार दिवस आधी यायला हवं होतं, हे त्यांना लख्ख कळलं आणि ते दिवस काही परत येणार नव्हते.

त्यांनी तिथूनच काम थांबवण्याची नोटीस काढवली आणि इंद्रजीतला बोलावून घेतलं. पोरगा तासाभरात आला. पांढरा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात उत्तर तयार.

"साहेब, चार दिवसांत भिंत घालतोच आहे. कशाला थांबवता?"

"खाली उतर," मोहियोद्दीन म्हणाले.

"काय?"

"शिडी आहे ना? चल, मीही येतो."

दोघं उतरले. मोहियोद्दीननी कडेची मूठभर माती काढून त्याच्या हातावर ठेवली. शिऱ्यासारखी मऊ माती बोटांतून गळली. इंद्रजीतनं मान वर करून पाहिलं. डोक्यावर मनकर्णाबाईंच्या स्वयंपाकघराचा पाया अर्धा उघडा पडला होता. त्यानं चष्मा काढला.

"मुरूम मागवतो," तो म्हणाला. "आजच भरायला घेतो."

"भर. पण खाली एकही माणूस उतरवायचा नाही. वरूनच टाक."

प्लंबर बोलावून पाइप बंद केला. राहिला प्रश्न घरातल्या माणसांचा. रूपा लगेच कपडे भरू लागली. समोरच्या कुलकर्ण्यांनी त्यांची एक खोली देऊ केली होती. मनकर्णाबाई मात्र ओट्याला टेकून बसल्या त्या बसल्याच.

"म्या नाय जायची."

"मावशी, दोन-चार दिवसांची गोष्ट आहे."

"उंद्या पाण्याचा दिवस हाय. म्या तिकडं गेले अन् पाणी आलं, तर हौद कोण भरंल? हुकलं तर पुन्हा आठ दिवस थेंब नाय. तुमाला काय ठावं."

"मला ठाऊक नसेल का? माझ्याही घरी नळच आहे."

"मंग?"

मोहियोद्दीन त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. या बाईला भिंतीचं भय घालून उपयोग नाही, हे त्यांनी ओळखलं. भिंत तिच्या नवऱ्यानं बांधलेली. ती पडेल हे तिच्या मनात शिरणंच शक्य नव्हतं. पाण्याची काळजी मात्र खरी होती.

"पाणी मी भरतो," ते म्हणाले.

"तुमी?"

"नळ दारात आहे, हौद दारात आहे. घरात पाऊल टाकायची गरज नाही. सकाळी येतो, फाटकापाशी खुर्ची टाकून बसतो. हौद काठोकाठ भरला नाही तर मला बोला."

म्हातारीनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं, जणू शब्द खरा की खोटा हे तोंडावर लिहिलेलं असतं.

"ड्रमबी हायेत दोन," ती म्हणाली. "निळे."

"तेही भरतो."

मग ती उठली. देव्हाऱ्यातले देव तिनं ओच्यात घेतले, गॅसची टाकी सुनेला बंद करायला लावली आणि रस्ता ओलांडून गेली.

दुसऱ्या दिवशी मोहियोद्दीन आठलाच हजर झाले. साडेनऊला नळाला फुरफुर सुरू झाली. शेजारच्या प्लॉटवर डंपरनं मुरूम पडत होता, इंद्रजीत स्वतः वर उभा राहून माणसांना कडेपासून लांब ठेवत होता. समोरच्या ओसरीतून मनकर्णाबाई सूचना देत होत्या. "पयली धार सोडून द्या सायब, गढूळ ऱ्हाती." साहेब मुकाट्यानं धार सोडून देत होते.

हौद भरला. पहिला ड्रम भरला. दुसऱ्यात नळी टाकली तेव्हा घराच्या मागून आधी बारीक कटकट आली, वाळलेल्या तुराट्या मोडाव्यात तशी. मग एक जड आवाज झाला आणि स्वयंपाकघराची अख्खी भिंत खड्ड्याच्या बाजूला कलंडली. फडताळ, डबे, ओट्याचा कडप्पा, सगळं तिच्यासोबत गेलं. धूळ गल्लीभर पसरली.

रूपा तोंडावर पदर धरून उभी राहिली. रोज त्या वेळी ती त्याच ओट्यापाशी पोळ्या लाटत असे.

मोहियोद्दीननी आधी माणसं मोजली. प्लॉटवरचे सहा, इंद्रजीत, डंपरवाला, ओसरीतल्या दोघी. सगळे होते. मग ते खुर्चीवर बसले. नळी ड्रममधून निसटून पाणी रस्त्यावर वाहू लागलं, ती मनकर्णाबाईंनीच येऊन उचलली. त्यांनी पडलेल्या भिंतीकडं पाहिलं नाही. नळी ड्रममध्ये घातली आणि मोहियोद्दीनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, च्या घेता का? कुलकर्णीणबाई करतीय."

त्या महिन्याच्या अहवालात श्रेयानं पुंडलिकनगरची तक्रार प्रलंबितमध्ये ठेवली. पुढच्या महिन्यात ठेवली, त्याच्या पुढच्याही. प्रलंबित आकडा कुणालाच आवडत नाही. वरून विचारणा झाली तेव्हा ती म्हणाली, "घर उभं राहिलं की काढते." मोहियोद्दीन शेजारीच बसले होते, त्यांना काही बोलावं लागलं नाही.

ऑगस्टमध्ये घर उभं राहिलं. इंद्रजीतनं तळघर रद्द केलं, कंपाउंडलगत काँक्रीटची भिंत घातली आणि मनकर्णाबाईंचं स्वयंपाकघर स्वतःच्या माणसांकडून बांधून दिलं. ते त्याला नोटिशीनं भागच होतं. पण ओटा कुठल्या उंचीवर हवा हे विचारायला तो दोनदा आला, ते नोटिशीत नव्हतं. रूपानं खिडकी पूर्वेला मागून घेतली. मनकर्णाबाईंना नवी भिंत पसंत पडायला वेळ लागला. "त्यांच्या हातची नव्हं," एवढंच त्या म्हणत.

मोहियोद्दीन मार्चअखेर निवृत्त होणार होते. फेब्रुवारीत एका सकाळी इंद्रजीतचा फोन आला. शहराच्याच सातारा परिसर भागात त्यानं नवं काम घेतलं होतं.

"साहेब, खोदायच्या आधी एकदा येऊन जाता का? कागदाचं काम नाही. नुसतं बघायला."

कमरुन्निसानं नुकतीच धुतलेली पँट इस्त्री करून ठेवली होती. मोहियोद्दीननी ती उचलली, मग बाजूला ठेवून कालचीच चढवली.

"किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.